पोत्याच्या तळाची वानगी

मुळा-मुठेच्या काठावरील खराडी १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महापालिकेत आली, तेव्हा नगर रस्त्यालगतचे एक गाव एवढीच तिची ओळख होती. आज ईऑन आणि वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या काचेच्या इमारतींभोवती जी गृहसंकुले उभी आहेत, त्यांतील अनेक घरांत दोन भिन्न काळांतील माणसे एका छताखाली नांदतात. सकाळी लॅपटॉपची पिशवी पाठीला लावून कंपनीत जाणारा मुलगा किंवा सून, आणि गावाकडचे दुकान, शेती अथवा नोकरी आटोपून त्यांच्याकडे राहावयास आलेले आईवडील. अशा घरात एखादी मोठी खरेदी ठरते तेव्हा दोन्ही काळांची मोजमापे समोरासमोर येतात. २०२५ च्या दिवाळीपूर्वी खराडीतील अशाच एका कुटुंबात एका लॅपटॉपच्या निमित्ताने हे घडले.

कुटुंबातील आजोबांनी जयसिंगपूरला चाळीस वर्षे भुसार मालाचे दुकान चालवले होते. मुलगा एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस. थोरली नात सीएच्या आर्टिकलशिपमध्ये, तर धाकटा नातू संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात. नातवाने ‘गेमिंग लॅपटॉप’ हवा असल्याचे सांगितले आणि किंमत ऐंशी ते पंचाण्णव हजार सांगितली. वडिलांच्या पगारातून घराच्या कर्जाचा हप्ता जात होता. आजोबांची एक लाखाची मुदत ठेव मात्र दसऱ्याच्या सुमारास परिपक्व होत होती, आणि ती नातवंडांच्या शिक्षणासाठीच राखलेली होती. त्यामुळे निर्णय त्यांच्याकडे आला.

“खेळायच्या यंत्राला नव्वद हजार?” एवढेच ते म्हणाले आणि विषय तेथे थांबला.

या एका वाक्यामागे बरेच काही होते. त्यांच्या ओळखीतील एका घरात तरुण मुलाने मोबाइलवरील पैशांच्या खेळात मोठी रक्कम घालवली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला, त्याच्या बातम्या त्यांनी वर्तमानपत्रात वाचल्या होत्या. त्यांच्या मनात ‘गेमिंग’ हा शब्द जुगाराच्या शेजारीच बसला होता. नातवाने तो कायदाच त्यांच्यापुढे ठेवला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. ई-स्पोर्ट्स, म्हणजे कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना मात्र त्याच कायद्याने मान्यता दिली आहे. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सची पदकेही दिली गेली. आजोबांनी ऐकून घेतले. फरक त्यांना कळला, पण शंका फिटली नाही. त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. जे यंत्र खेळासाठी बनते, त्याचा अभ्यासाशी संबंध काय?

तो संबंध समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पडद्यावरील चित्र लाखो ठिपक्यांचे बनलेले असते, आणि खेळात प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ, शंभर वेळा नव्याने काढावा लागतो. हे गणित अवघड नसते, पण प्रचंड संख्येने आणि एकाच वेळी करावयाचे असते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या हुशार दिवाणजीसारखा. कठीण हिशेब एकामागून एक उलगडणारा. ग्राफिक्स चिप म्हणजे साधी बेरीज-गुणाकार येणाऱ्या हजारो कारकुनांचे दालन. मध्यम किमतीच्या लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०५० या चिपमध्ये असे २,५६० गणनकेंद्रक असतात. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एनव्हिडिया कंपनीने २००७ च्या सुमारास ‘कुडा’ ही प्रणाली आणली आणि हे दालन खेळाखेरीज इतर गणितासाठीही खुले केले. हवामानाचे अंदाज, औषधांच्या रेणूंचा अभ्यास, त्रिमितीय आराखडे आणि आजची कृत्रिम बुद्धिमत्ता ही सर्व कामे त्याच कारकुनांच्या बळावर चालतात. ज्या चिपचा बाजार खेळाने उभा केला, तिचा लाभ पुढे विज्ञानाला झाला.

पुणेकरांना याचे मोल अधिक कळावे, कारण गणनशक्तीसाठी या शहराने एकदा मोठे कष्ट घेतले आहेत. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्याचे नाकारल्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. त्याची कमाल क्षमता सेकंदाला सुमारे शंभर कोटी गणिती क्रियांची होती. आज मध्यम किमतीच्या लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप कागदावर त्याच्या काही हजार पट क्रिया करते. मोजण्याच्या पद्धती भिन्न असल्याने ही तुलना काटेकोर नाही. परंतु विद्यार्थ्याच्या पाठपिशवीत आज काय मावते, याची कल्पना तीवरून येते.

नातवाचा प्रकल्पही याच जातीचा होता. खराडी बायपास चौकातील वाहतुकीचे त्रिमितीय प्रतिरूप तयार करावयाचे, सिग्नलच्या वेळा बदलावयाच्या आणि रांगा किती घटतात ते पाहावयाचे. अशी प्रतिरूपे बनवण्याची साधने खेळ बनवणाऱ्यांचीच असतात. युनिटी आणि अनरिअल ही त्यांतील दोन प्रसिद्ध नावे. खेळ घडवणे हा पुण्यात एक व्यवसायही झाला आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ येथे अनेक वर्षे आहे.

आजोबांना हे पटू लागले. पण पटणे आणि पैसे देणे यांत भुसार व्यापारी एक पायरी राखून ठेवतो. ती पायरी म्हणजे वानगी. पोत्याच्या तोंडाशी धान्य नेहमीच चांगले असते. जाणता व्यापारी पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून मधले आणि तळाचे धान्य काढतो, तळहातावर पसरतो, दाताखाली धरून ओल पाहतो, आणि मगच भाव बोलतो.

“जाहिरातीत पोत्याचं तोंड दिसतंय मला,” ते नातवाला म्हणाले. “तळाची वानगी कुठं मिळेल?”

वानगी मिळाली ती नातवाच्या मावसभावाकडून. वाघोलीत राहणाऱ्या त्या मुलाने चार महिन्यांपूर्वी याच वर्गातील एक लॅपटॉप घेतला होता आणि तो आठ दिवसांसाठी गावी जाणार होता. यंत्राचे नाव येथे महत्त्वाचे नाही. लेनोव्होचा लॉक, एचपीचा व्हिक्टस, असूसचा टफ, एसरचा नायट्रो अशा या वर्गातील सर्वच मालिकांना लावता येईल अशी ती परीक्षा होती. चिप आरटीएक्स ४०५०, ग्राफिक्स मेमरी सहा जीबी, रॅम सोळा जीबी, साठवण ५१२ जीबी आणि सेकंदाला १४४ वेळा उजळणारा १५.६ इंची पडदा, असे त्याचे वर्णन होते. आजोबांनी दुकानातील रोजकीर्दीसारखी एक लांबट वही काढली. अट एकच होती. जे घडेल ते त्याच दिवशी लिहावयाचे, चांगले असो वा वाईट.

पहिली नोंद वजनाची झाली. जाहिरातीत २.३ किलो लिहिले होते आणि घरच्या काट्यावर तेवढेच भरले. पण चार्जरचे वजन कोणी सांगितले नव्हते. ते सुमारे सातशे ग्रॅम निघाले. रोज बसने कॉलेजला जाणाऱ्या मुलाच्या पाठीवर तीन किलो येणार होते. “बारदानासकट वजन धरायचं असतं,” असा शेरा आजोबांनी वहीत स्वतःच्या हाताने लिहिला.

दुसऱ्या दिवशी वेगाची परीक्षा झाली. ऑक्टोबर हीट असल्याने दुपारी खोलीचे तापमान एकतीस अंश होते. एक खेळ सुरू केला तेव्हा सेकंदाला ऐंशीच्या आसपास चित्रे दिसत होती. नातू हरखला. आजोबांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, “हे पहिल्या दहा मिनिटांचं. तासानं बघू.” चाळीस मिनिटांनंतर हा आकडा सत्तरच्या किंचित खाली आला आणि पुढे तेथेच स्थिरावला. प्रोसेसरचे तापमान आरंभी चौऱ्याण्णव अंशांपर्यंत चढले, मग यंत्राने स्वतःचा वेग आवरून ते शहाऐंशीच्या आसपास राखले. हे यंत्र बिघडल्याचे लक्षण नव्हे; चिप स्वतःचे रक्षण अशीच करते. मात्र विकत घेताना पहिल्या दहा मिनिटांचा वेग दाखवला जातो आणि वापरणाऱ्याच्या वाट्याला तासाभरानंतरचा वेग येतो. लॅपटॉपच्या मागील बाजूखाली दोन लाकडी ठोकळे ठेवल्यावर हवा खेळू लागली आणि तापमान तीन-चार अंशांनी उतरले. या सुधारणेला काही खर्च आला नाही.

या परीक्षेतून एक महत्त्वाची गोष्ट उघड झाली. चिपचे नाव सारखे असले म्हणजे चिपचे काम सारखे असते, असे नाही. आरटीएक्स ४०५० आणि ४०६० या लॅपटॉप चिप्सना निर्मात्याने ३५ ते ११५ वॅट इतकी विस्तृत मर्यादा दिली आहे. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये तीच चिप कमी वीज घेऊन मंद चालते. जाड, मोठ्या पंख्यांच्या लॅपटॉपमध्ये अधिक वीज घेऊन वेगाने धावते. वरच्या क्रमांकाची चिप कमी वॅटवर बसवली असेल, तर खालच्या क्रमांकाची पूर्ण वॅटवरची चिप तिच्या बरोबरीला येऊ शकते. खोक्यावर नाव मोठ्या अक्षरांत असते. वॅटचा आकडा तपशिलाच्या तक्त्यात शोधावा लागतो. हाती असलेल्या यंत्रात तो एनव्हिडियाच्या नियंत्रण पटलात सापडला, आणि वहीत लाल शाईने लिहिला गेला.

बॅटरीची नोंद निराशाजनक होती, पण अनपेक्षित नव्हती. लेखन आणि वाचन यांसाठी पाच तास दहा मिनिटे. खेळासाठी तासही पुरता नाही. शिवाय चार्जर काढताच चित्रांचा वेग निम्म्याहून खाली आला, कारण बॅटरी तेवढी वीज एकदम पुरवू शकत नाही. म्हणजे हे यंत्र नेता येते सगळीकडे, पण पूर्ण शक्तीने काम करते ते भिंतीजवळच. ज्या विद्यार्थ्याला दिवसभर वर्गात नोंदी घ्यावयाच्या आहेत आणि जड काम फारसे नाही, त्याच्यासाठी दीड किलोचा साधा लॅपटॉप अधिक योग्य ठरतो. विजेचा खर्च मात्र भीती वाटावी इतका निघाला नाही. पूर्ण भारावर दीडशे-पावणेदोनशे वॅट धरले, तरी रोज तीन तासांच्या वापराला अर्धा युनिट, म्हणजे महिन्याला पंधरा युनिट.

पडद्याची परीक्षा आजींनी केली, तीही न ठरवता. नातीच्या साखरपुड्यातील छायाचित्रे पाहताना त्या म्हणाल्या, “माझी पैठणी अशी विटकी कुठं होती?” तेच छायाचित्र मोबाइलवर गडद डाळिंबी दिसत होते. या वर्गातील अनेक लॅपटॉपमध्ये पडदा वेगवान असतो, परंतु रंगांच्या बाबतीत उणा असतो. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असेल तर रंग फिके दिसणार. ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर ते खऱ्याच्या जवळ जातात. चित्रकाम किंवा रचनेचे शिक्षण घेणाऱ्या मुलांसाठी हा एक आकडा १४४ च्या आकड्याहून मोलाचा आहे.

आवाजाचा निवाडाही आजींचाच. त्यांची सायंकाळची सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची असते, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या खोलीत यंत्र पूर्ण भारावर होते. दार लावल्यावर काही ऐकू आले नाही. दार उघडे असताना टेबलफॅन मोठ्या वेगावर ठेवल्यासारखा घरघराट सतत येत राहिला. घर लहान असेल आणि अभ्यासाची खोली वेगळी नसेल, तर हाही खरेदीचाच भाग आहे.

सर्वांत उपयोगी नोंद सहाव्या दिवशी आली. नातवाने आपल्या प्रकल्पातील चौक उघडला. रस्ता, दुभाजक, सिग्नल आणि त्यांवर दीडशे वाहने सुरळीत धावत होती. आजोबा रोज सकाळी ज्या चौकातून दूध आणावयास जात, तो त्यांनी पडद्यावर ओळखला आणि पीएमपीचा थांबा चुकीच्या बाजूला दाखवला आहे, ही चूकही काढली. वाहने चारशे केली तेव्हा चित्र अडखळू लागले. प्रोसेसर अद्याप निवांत होता. रॅमही शिल्लक होती. सहा जीबी ग्राफिक्स मेमरी मात्र पूर्ण भरली होती. अडचण नेमकी कोठे आहे ते कळले, आणि खरेदीचा निकषही बदलला. तोवर नातवाच्या यादीत अधिक वेगवान पडदा, अधिक साठवण आणि रंगीत दिव्यांचा कीबोर्ड होता. आता आठ जीबीची ग्राफिक्स मेमरी पहिल्या क्रमांकावर आली.

येथे व्यवहाराचे एक सूत्र हाती लागते. लॅपटॉपमधील काही भाग पुढे वाढवता येतात. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम आणि साठवण यांसाठी रिकाम्या जागा असतात. ग्राफिक्स चिप, तिची मेमरी, पडदा आणि उष्णता बाहेर टाकण्याची रचना ही मात्र खरेदीच्या दिवशीच कायमची ठरते. जे नंतर वाढवता येते ते आज कमी घेतले तरी चालते. जे बदलता येत नाही त्यावर आजच पैसा खर्च करणे शहाणपणाचे. दुकानात गिऱ्हाइकाला बहुधा याच्या उलट सल्ला मिळतो, कारण एक टीबी साठवण आणि दिव्यांची रोषणाई डोळ्यांना लगेच दिसते.

आता हिशेबाची बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे अनेक दर उतरले, म्हणून लॅपटॉपही स्वस्त होईल अशी घरात आशा होती. परंतु लॅपटॉपवरील कर आधीपासून १८ टक्केच होता आणि तो तसाच राहिला. नव्वद हजारांच्या किमतीत १३,७२९ रुपये कराचेच असतात. दुसरा विषय हप्त्यांचा. वडिलांनी ‘नो-कॉस्ट ईएमआय’ सुचवला होता, म्हणजे ठेव तशीच राहिली असती. बिनव्याजी कर्ज नावाची वस्तू बँकिंगमध्ये नसते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात शून्य टक्के व्याजाच्या योजनांबाबत हीच भूमिका घेतली होती. अशा योजनेत व्याजाइतकी रक्कम सवलत म्हणून आधी वजा केली जाते आणि नंतर हप्त्यांतून वसूल होते. त्यावर बहुधा प्रक्रिया शुल्क असते, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत व्याज व शुल्क या दोहोंवर पुन्हा १८ टक्के कर असतो. रोखीने घेणाऱ्याने तीच सवलत मागून पाहावी. कित्येकदा ती मिळते.

तिसरा विषय घसाऱ्याचा, आणि तो सहसा कोणी विचारात घेत नाही. आयकराच्या नियमांत संगणकावर दरसाल ४० टक्के घसारा धरला जातो. घरगुती वापरात ही वजावट मिळत नाही, पण मोजपट्टी म्हणून ती उपयोगी आहे. नव्वद हजारांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर ५४,०००, दुसऱ्या वर्षी ३२,४००, तिसऱ्या वर्षी १९,४४० आणि चौथ्या वर्षी ११,६६४ रुपयांवर येते. चार वर्षांत ७८,३३६ रुपये झिजतात; दिवसाला सुमारे ५४ रुपये. मग प्रश्न सोपा होतो. हे यंत्र रोज चोपन्न रुपयांचे काम देईल काय? सोन्याप्रमाणे ते कपाटात जपून ठेवता येत नाही. न वापरलेल्या दिवसाचे चोपन्न रुपयेही जातातच.

घरात खरा अवघड क्षण आला तो आकड्यांमुळे नव्हे. नात रात्री आठला विमाननगरच्या कार्यालयातून आली आणि वही चाळू लागली. तिचा स्वतःचा लॅपटॉप पाच वर्षांपूर्वी पस्तीस हजारांना घेतलेला होता. बिजागरी मोडलेली, चालू व्हावयास पाच मिनिटे. तिने कधी काही मागितले नव्हते. आजोबांच्या लक्षात ते त्याच वेळी आले. “तुझं काय गं?” त्यांनी विचारले. ती हसून म्हणाली, “मला चौक नाही चालवायचा, आजोबा. माझ्या ताळेबंदाला ग्राफिक्स लागत नाही.” पण हसण्यावर विषय संपवणे आजोबांना मानवले नाही. ठेव नातवंडांसाठी होती. एकट्या नातवासाठी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिच्या लॅपटॉपचीही तशीच तपासणी झाली. प्रोसेसर तिच्या कामाला पुरेसा होता. जुनी हार्ड डिस्क आणि आठ जीबी रॅम एवढेच दोन अडथळे होते. एसएसडी, आणखी आठ जीबी रॅम आणि नवी बिजागरी यांचा खर्च आठ हजारांच्या आत बसत होता. नवे यंत्र घेण्याची गरजच नव्हती. वापरात असलेल्या वस्तूचे आयुष्य वाढवणे हा कचरा टाळण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असले, तरी घरातल्या कपाटापर्यंत ते स्वतःहून पोहोचत नाहीत.

वहीत शेवटी दोन रकाने होते, जे आजोबांनी पहिल्याच दिवशी आखून ठेवले होते. काम आणि खेळ. आठ दिवसांत कामाचे एकतीस तास झाले आणि खेळाचे चौदा. रविवारच्या ओळीत नातवाने लिहिले होते, ‘एक तास ठरला होता, पाच तास झाले.’ त्याला हे लिहिणे टाळता आले असते. त्या दुपारी घरात कोणी नव्हते. आजोबांनी ती ओळ वाचली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तळाचं धान्य तूच काढून दाखवलंस, बाळा.”

एक मुद्दा मात्र सुटला नाही. खेळांपैकी एक बंदुकीचा होता. ज्या घरात पाणी गाळून घेतले जाते आणि मुंगीला वळसा घालून केर काढला जातो, त्या घरात पडद्यावर माणसे पडताना पाहून आजोबा अस्वस्थ झाले. नातू म्हणाला, “ती खरी नाहीत, आजोबा.” ते म्हणाले, “पण तुझा हात खरा आहे ना?” नातवाजवळ उत्तर नव्हते, आणि आजोबांनी ते पैसे देण्याच्या अटीत घातलेही नाही. खेळ कोणता निवडावा हे यंत्र ठरवत नाही. तो प्रश्न त्यांनी नातवाकडेच ठेवला.

धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी नगर रस्त्यावरील एका दुकानातून आठ जीबी ग्राफिक्स मेमरीचा लॅपटॉप नव्वद हजारांना आला. नातीच्या लॅपटॉपची दुरुस्ती आठ हजारांत झाली आणि दोन हजार रुपये शिल्लक राहिले. दुकानात आजोबांनी विचारलेले प्रश्न कोणत्याही कुटुंबाला उपयोगी पडावेत. चिपला वॅट किती? ग्राफिक्स मेमरी किती? पडदा किती टक्के एसआरजीबी? रॅम आणि साठवण यांसाठी रिकामी जागा आहे काय? चार्जरसकट वजन किती? हमी किती वर्षांची, आणि दुरुस्तीस माणूस घरी येतो की यंत्र न्यावे लागते? विक्रेत्या तरुणाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर आतून विचारून आणावे लागले.

प्रकल्पातील चौकात आता चारशे वाहने न अडखळता धावतात आणि पीएमपीचा थांबा योग्य बाजूला आला आहे. वही नातवाकडेच आहे. दोन्ही रकाने तो अद्याप भरतो. काही रविवारी खेळाचा आकडा कामाच्या आकड्याहून मोठा असतो, आणि तोही तेथे लिहिलेला असतो.